चौदा नंबरचा कटआउट

काउंटरवर आलेला माणूस ड्रिल हातात घेतो आणि पहिल्यांदा हवेत चालवून बघतो. घर्रर्र. मग मान डोलावतो. हवेत सगळेच ड्रिल चांगले चालतात. मी विचारतो, "भिंत कुठली?" हा प्रश्न बहुतेकांना आवडत नाही. ते विचारायला आलेले असतात, सांगायला नाही.

लोहार चाळीच्या बाजारातल्या एका हत्यारांच्या दुकानात मी बरीच वर्षं उभा आहे. त्याआधी वायरमन होतो. गुडघे गेले, शिडी सुटली, तेव्हा आमच्या शेठनी बोलावून घेतलं. म्हणाले, "मोहन, तू जास्ती बोलत नाहीस. गिऱ्हाईकला भरोसा वाटेल." वाटला खरा. आता परळ, दादर, गिरगावातले वायरमन "मोहनभाऊ सांगतील तो मीटर" म्हणून येतात, आणि मी सांगतो तो घेऊन जातात. या वाक्यावर माझं घर चालतं. याच वाक्यावर एका माणसाचं काम बंद पडलं.

या अंकाच्या संपादक बाई आमच्या गिऱ्हाईक. त्यांनी लेख मागितला: बॅटरीवरचा ड्रिल कसा निवडावा, करंट तपासायचा मीटर कुठला घ्यावा, चार गमतीदार गिऱ्हाइकं टाका, लोकांना उपयोग होईल. मी हो म्हणालो. ड्रिलचं लिहून झालं. मीटरपाशी आलो आणि थांबलो. दिगंबरला वगळून मीटरबद्दल लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा गप्प बसणं होतं. दिगंबर परब. आम्ही दोघं एकाच काँट्रॅक्टरकडे शिकलो. तो लालबागला राहतो. त्याचा ड्रिल आमच्या काउंटरखाली, माझ्या डब्याशेजारी ठेवलेला असायचा. तो विकायचा नव्हता. लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तर मरते, म्हणून मी तो अधूनमधून चार्ज करत असे. शेठ विचारायचे, "ये किसका है?" मी म्हणायचो, "एकाचा आहे, येईल न्यायला."

आधी ड्रिलचं सांगतो. ते सोपं आहे.

ड्रिल घेताना खोक्यावरचा व्होल्टचा मोठा आकडा बघू नका. बॅटरी बघा. एकाच कंपनीची बॅटरी तिच्या ड्रिलला, करवतीला, ग्राइंडरला चालते, त्यामुळे पहिला ड्रिल घेताना तुम्ही खरं म्हणजे पुढच्या सगळ्या हत्यारांची सोयरीक ठरवत असता. बाजारात जुन्या खोक्यात नवे स्वस्त सेल भरून बॅटऱ्या विकतात. तसली हाताला हलकी लागते आणि जोड नीट बसलेला नसतो. मग चकमध्ये, म्हणजे पुढच्या जबड्यात, एक लांब बिट लावा, ड्रिल अगदी हळू फिरवा आणि बिटचं टोक बघा. टोक गोल हिंडत असेल तर ठेवून द्या. पुढची आकड्यांची रिंग म्हणजे क्लच. स्विचबोर्डाचा स्क्रू आवळताना ती लहान आकड्यावर नसेल तर प्लॅस्टिक तडकतं आणि घरमालकीण तुम्हाला चहा देत नाही. शेवटची परीक्षा, ड्रिल डोक्याच्या वर धरा, हात लांब करून, आणि माझ्याशी गप्पा मारा. हात लवकर खाली आला तर तो ड्रिल शिडीवरच्या माणसाचा नाही.

आणि भिंत. गिरगावातल्या जुन्या चाळीची भिंत विटांची आणि चुन्याची, तिथे ताकद नको, संयम हवा, नाहीतर बोटभर भोकाऐवजी मूठभर ढेकूळ हातात येतं. परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये भिंत सिमेंट काँक्रीटची. तिथले एक गृहस्थ माझं न ऐकता छोटा ड्रिल घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणाले, "अहो, सकाळपासून भिंतीला कुरवाळतोय. खालचे भांडून गेले, वरचे भांडून गेले, भोक काही पडलं नाही." त्यांना हॅमरचा ड्रिल दिला. मग आले ते बायकोचं गाऱ्हाणं घेऊन, की आता ते दिसेल तिथे भोकं पाडतात.

वरळी कोळीवाड्यातला एक नाखवा होडीच्या कामाला ड्रिल घेऊन गेला. मी बजावलं होतं, खाऱ्या हवेत उघडा टाकू नकोस, पुसून ठेव, चकला तेल दे. पावसाळा सरल्यावर आला, कागदात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. उघडलं तर लालभडक गंजलेला चक. "मोहनभाऊ," तो म्हणाला, "तुमच्या ड्रिलचं सुकट झालं." त्याला नवा चक बसवून दिला. पुढच्या खेपेला त्याने खरं सुकट आणलं. शेठ गुजराती. दुकान दोन दिवस अगरबत्तीने भरलेलं होतं.

असं बरंच लिहिता येईल. पण मीटर.

मीटर हे असं हत्यार आहे की ते चुकलं तर भिंतीला काही होत नाही, माणसाला होतं. म्हणून स्वस्तातला घेऊ नका. मीटरवर कॅटेगरी लिहिलेली असते. तिचा साधा अर्थ, लाईनमध्ये अचानक मोठा झटका आला तर तो मीटर पोटात घेईल की तुमच्या हातात फुटेल. आत खरा फ्यूज आहे का बघा. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बीप ऐका, आणि ऐकताना वायर मानेपाशी वाकवून हलवा, कारण वायर तिथेच आतून तुटते, वरून दिसत नाही. काम करताना मीटर आधी चालू असलेल्या लाईनवर लावून बघा. मग बंद केलेल्या लाईनवर. मग परत चालू लाईनवर. मधल्या वेळात मीटर मेला तर तो तुम्हाला "लाईन बंद" असंच सांगणार.

आम्ही शिकलो तेव्हा मीटर नव्हताच. टेस्ट लॅम्प असायचा. बल्बचा होल्डर, त्याला दोन वायरी, आणि साधा तारेचा पिवळा बल्ब. वायरी टेकवायच्या. पेटला तर करंट आहे. दिगंबर त्याचा लॅम्प डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवायचा. आजच्या नियमाने बघितलं तर ते हत्यार धोक्याचं आहे, होल्डर उघडा, काच फुटायची भीती, मी कोणाला ते वापरा म्हणणार नाही. पण त्याला एक गुण होता. तो बल्ब करंट खाऊन बघायचा. मीटर नुसता हुंगतो.

हा फरक समजावून सांगायला हवा. डिजिटल मीटर इतका नाजूक असतो की बंद तार चालू तारेच्या शेजारून लांबवर गेली असेल, तर नुसत्या शेजाराने आलेला दाब तो दाखवतो. ऐंशी, शंभर, एकशे दहा. आकडा दिसतो, पण त्यात जोर काही नसतो, बल्ब लावला तर पेटत नाही. याला आम्ही भूत म्हणतो. नवा माणूस भुताला घाबरतो. जुना माणूस हसतो. आणि जुना माणूस हसायला लागला की खरा धोका तिथे सुरू होतो. कारण पुष्कळ भुतं बघितल्यावर प्रत्येक अर्धवट आकडा त्याला भूतच वाटतो.

दुकानात लागल्यावर मी दिगंबरच्या मागेच लागलो होतो. "कसला तो दिवाळीतला कंदील घेऊन फिरतोस? लोक हसतात." तो म्हणायचा, "हसांदेत. माझो बल्ब खोटा बोलणा नाय." शेवटी मी त्याला एक चांगला मीटर आणि तो ड्रिल घ्यायला लावला. लॅम्प त्याच्या डब्यातून काढून मीच काउंटरमागच्या टोपलीत टाकला. गंमत म्हणून. तोही हसला.

त्यानंतर काही महिन्यांनी तो परळच्या एका चाळीत काम करत होता. चौदा नंबरच्या खोलीचं वायरिंग बदलायचं होतं. जिन्याखाली सगळ्या खोल्यांचे कटआउट, म्हणजे जुन्या पद्धतीचे काढता येणारे फ्यूज, एका फळीवर होते, चिनीमातीचे, प्रत्येकावर रंगाने नंबर. कटआउट काढला की त्या खोलीची लाईन बंद. दिगंबरची एक सवय होती, आमच्या उस्तादांनी लावलेली. काढलेला कटआउट फळीपाशी ठेवायचा नाही, शर्टाच्या खिशात टाकायचा. म्हणजे आपण शिडीवर असताना कोणी "लाईट का गेली" म्हणून तो परत बसवू शकत नाही.

त्याने गॅलरीतला जोडाचा डबा उघडला, आतला एक जुना जोड सोडवला, आणि मीटर लावला. मग मला फोन केला. त्या वेळी काउंटरवर गर्दी होती आणि मी एकाला बॅटरी दाखवत होतो.

"मोहना, एकशे अठरा दाखवता रे. हलता पण. हात घालू?"

"कटआउट काढलायस ना?"

"काढलंय. चौदा नंबरचो."

"मग भूत आहे ते. घाल हात."

"नक्की?"

"अरे दिगू, मीटर घेतलास आणि आता मीटरलाच घाबरतोस? गिऱ्हाईक आहे, ठेवतो."

फोन ठेवला. ते गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो.

दिगंबर शिडीवरून गॅलरीत फेकला गेला. जीव वाचला. खांदा आणि कोपर गेलं, उजवा हात नंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. लोकांनी घाबरून चाळीचा मेन स्विच पाडला आणि त्याला उचलून हॉस्पिटलात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामाच्या काँट्रॅक्टरने मला विनंती केली, गुडघे सांभाळत का होईना, जाऊन तेवढं काम संपव, चाळ अंधारात आहे. मी गेलो. शिडीखाली, भिंतीच्या कडेला कटआउट पडला होता. खिशातून उडालेला. त्यावर चौदा. जिन्याखाली फळी बघितली, तिथे रिकामी जागा एकच होती, तीही चौदाची. मग डबा बघितला आणि सगळं समजलं. कोणीतरी फार पूर्वी शेजारच्या दोन खोल्यांची परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, याच डब्यातून नेली होती. त्या खोल्या दोन वेगळ्या फेजवर, आणि त्यांचे कटआउट जागेवर, म्हणजे लाईन चालूच. दिगंबरने जोड सोडवला तेव्हा त्या दोन्ही खोल्यांचा करंट त्या सुट्या टोकावर येऊन अडकला. दोन बाजूंनी ओढल्यामुळे आकडा अर्धाच दिसत होता, पण जोर पुरा होता. त्याचा टेस्ट लॅम्प असता तर मंद का होईना, पेटला असता.

मी न्यूट्रल वेगळी केली, जोड नीट बांधले, डबा बंद केला. कटआउट चौदाच्या जागी बसवला आणि मेन वर केला. खोल्याखोल्यांतून "आली, आली" असा आवाज झाला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाहेर काँट्रॅक्टर म्हणाला, "दिगूने चुकीचा कटआउट काढला असणार. डोळ्यांवर परिणाम झालाय त्याच्या." मी तिथेच उभा होतो. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग झालं कसं, आणि त्याचं उत्तर माझ्या फोनपाशी येत होतं. आत्ता कुठे दुकानात जम बसतोय, उद्या कोण माझ्या शब्दावर मीटर घेईल, असं काहीतरी डोक्यात आलं. मी पान खायला गेलो.

चूक फोनवर झाली. ती कोणाच्याही हातून होईल अशी होती. पण हे हॉस्पिटलबाहेरचं फक्त माझं.

दिगंबरला पडण्याच्या आधीचं काही आठवत नव्हतं. फोनही नाही, खिसाही नाही. लोक सांगतात तेच त्याने खरं धरलं. "काढलो असतलंय चुकीचो," म्हणायचा. गणपती मंडळाच्या मांडवाचं वायरिंग तो हौसेने करायचा. हाताने होणार नव्हतं, पण उभं राहून सांगता आलं असतं. तेही त्याला दिलं नाही. गल्लीत कोणाकडे लाईट गेली की पोरं ओरडायची, "दिगूकाका, आज कुठला कटआउट काढलात?" तो हसायचा. पण गॅस बंद केल्यावर तो पुन्हा जाऊन बघायला लागला, कुलूप ओढून पुन्हा ओढायला लागला. घरातली ट्यूब गेली तर शेजाऱ्याला बोलावतो. सध्या तो मिरचीच्या दुकानात वजनकाट्यावर बसतो, आणि तिथेही, मालकाने सांगितलं, एकदा तोललेलं पुन्हा तोलतो.

ड्रिल विकायला तो आमच्याच दुकानात आला होता. पैसे देऊन तो ड्रिल मी स्वतःच ठेवून घेतला.

तर लेख अडला, म्हणून मी गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी ड्रिल पूर्ण चार्ज केला आणि लालबागला गेलो. दिगंबर खाटेवर बसून पेपर वाचत होता. सुलभावहिनींनी माझ्यासमोर चहा आणून ठेवला.

मी बसल्याबसल्या सगळं सांगितलं. फोन, एकशे अठरा, भूत, डबा, दोन खोल्यांची न्यूट्रल. मी एरवी इतकं सलग बोलत नाही. वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांचा हात थांबला होता.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "माका एकच सांग. कटआउट बरोबर काढलेलो?"

"बरोबर काढला होतास. चौदा नंबरचाच."

"तू बघलंस?"

"माझ्या हातात होता. शिडीखाली पडला होता, तुझ्या खिशातला. फळीवर रिकामी जागा एकच होती. मीच बसवला परत."

तो मान वळवून म्हणाला, "सुलभा. ऐकलंस?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या. पुढे आल्या, माझ्यासमोरचा कप उचलला, भरलेलाच, आणि आत नेला. तिकडूनच बोलल्या. आवाज चढवला नाही. "भावोजी, इतकी वर्षं येऊन चहा पिऊन जात होतात हो तुम्ही."

मी पिशवीतून ड्रिल काढून खाटेवर ठेवला. दिगंबरने तो डाव्या हातात घेतला, उलटसुलट केला, आणि हवेत चालवला. घर्रर्र. पुढचा छोटा दिवा लागला.

"बॅटरी जिती कशी?"

"चार्ज करत होतो."

"हां," तो म्हणाला. "ह्यां बरा. बॅटरीची काळजी घेतलंस."

त्यात टोमणा किती आणि खरं किती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"फोनवर भूत म्हणालंस, तां सोड," तो ड्रिल मांडीवर ठेवत म्हणाला. "तुझ्या जागी मी असतंय तर मी पण म्हटलं असतंय. पण कटआउटचा तू सांगूक होया होता. रोज रात्री मी मनात ती फळी बघतंय, मोहना. कुठल्या नंबराक हात घातलंय, तां बघतंय. रोज."

मी म्हणालो, मला एक लेख लिहायचा आहे, ड्रिल-मीटरचा, त्यात हे लिहीन म्हणतो, तुझं नाव घालत नाही.

"नाव कशाक नको?" पहिल्यांदा त्याचा आवाज वाढला. "चुकीचो कटआउट काढलो म्हणताना सगळ्यांनी नाव घेतल्यानी. आता बरोबर काढलेलो निघालो तर नाव नको? लिव्ह. मीटर लिव्ह, भूत लिव्ह, तुझा काय ता लिव्ह. पण माझा नाव घाल, आणि कटआउटचा साफ लिव्ह. ह्या पोरांका वाचूक देतंय मी."

निघताना दारात मी विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ का?"

"छापून इलो की ये," तो म्हणाला. ड्रिल मांडीवरच होता.

आता काउंटरवर मी जो मीटर पुढे करतो त्यात एक सोय असते. बटण दाबलं की मीटर स्वतः थोडा करंट खाऊन बघतो, भूत असेल तर आकडा खाली बसतो, खरा असेल तर बसत नाही. महाग आहे, पण तोच घ्या. आणि आकडा अर्धवट दिसला तर फोन करून कोणाला विचारू नका, मला तर नकोच. तार कुठून येते ते आधी शोधा.

बाकी, परळच्या त्या चाळीत त्या दिवशी दिगंबर परब याने कटआउट बरोबर काढला होता. चौदा नंबरचाच काढला होता आणि खिशात ठेवला होता. मी बघितला आहे.